बोटीवरच्या जनरेटरचा एक्झॉस्ट : आधी पाणी, मग धूर, शेवटी आवाज

कोल्हापूरला समुद्र नाही, तरी बोटीच्या जनरेटरची कामं उद्यमनगरात येतातच. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडून कुणीतरी गंजलेला एल्बो (धुराच्या पाइपाचा वळणाचा तुकडा) नाहीतर फुटका सायलेन्सर पिकअपमध्ये टाकतं आणि गगनबावड्याचा घाट चढून इथं आणतं. लेथ, आर्गन वेल्डिंग आणि इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा फिटर हे सगळं इथं एकाच गल्लीत मिळतं, म्हणून ही पायपीट. तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते : "मेस्त्री, ह्याचो आवाज कमी करूक व्हयो."

आवाज कमी करता येतो. पण आमच्याकडचे बरेच कारागीर जमिनीवरच्या डीजी सेटवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, तयार झालेले असतात आणि तीच युक्ती बोटीवर लावतात : मोठा सायलेन्सर टाका, पाइप बारीक करा, तोंडाशी जाळी बसवा. बोटीवर त्यानं आवाज थोडा बसतो आणि इंजिन मरतं. म्हणून हा लेख मालकांसाठी आहे आणि आपल्या फिटर मंडळींसाठीही. कामाचा क्रम बदलू नका. पाण्याचा मार्ग आधी, धुराची वाट नंतर आणि आवाज सगळ्यात शेवटी. पहिली दोन कामं नीट झाली की आवाजाची निम्मी तक्रार तिथंच मिटलेली असते.

हे चालतं कसं

जमिनीवरच्या सेटचा धूर सायलेन्सरमधून कोरडाच बाहेर पडतो. पूर्ण लोडवर त्याचं तापमान ४००-५०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. बोटीत तो पाइप लाकूड, फायबर आणि डिझेलच्या टाकीजवळून न्यायचा म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून पर्यटनाच्या आणि मोठ्या बोटींवर ओला एक्झॉस्ट असतो. समुद्राचं पाणी सी-कॉकमधून, म्हणजे बोटीच्या अंगातल्या तोटीतून, आत येतं, गाळणीतून इम्पेलरच्या (रबरी पात्यांच्या चाकाच्या) पंपात जातं, तिथून हीट एक्स्चेंजरमध्ये जाऊन इंजिनाची उष्णता घेतं आणि शेवटी एल्बोमध्ये धुरात मिसळतं. एल्बोच्या पुढे रबरी होज पाइप चालतो तो या पाण्यामुळेच. पाणी थांबलं की तोच पाइप काही मिनिटांत जळून वास सुटतो.

एल्बोनंतर धूर आणि पाणी खाली वॉटरलॉक नावाच्या बंद डब्यात पडतात. डब्यात पाणी साठतं, धुराचा दाब वाढतो आणि तो पाण्याला ढकलत उभ्या पाइपातून वर चढवतो. वर हंसाच्या मानेसारखं एक वळण असतं. ते ओलांडलं की पाणी आणि धूर बाहेर. आवाजाचा मोठा भाग या डब्यातच जिरतो.

हात घालण्यापूर्वी

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा तो कमी सोडतं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. केबिनमध्ये झोपायची सोय असेल तर तिथं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. पेट्रोलवरचा छोटा पोर्टेबल जनरेटर केबिनमध्ये किंवा छताखाली ठेवून चालवायचा विचारही करू नका. आणखी एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही. बोट चालत असताना मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर गेलेला धूर परत आत ओढला जातो. जनरेटर चालू असताना मागच्या शिडीवर पोरं पोहत बसणार असतील, तर जनरेटर बंद करा.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सी-कॉक बंद करा आणि सी-कॉक बंद असल्याची चिठ्ठी चावीला बांधा. कॉक बंद राहून इंजिन चालू केलं, तर इम्पेलरची रबरी पाती मिनिटाभरात जातात.

पाणी मोजा

बोट चालू स्थितीत असेल तर काहीही खोलण्याआधी एक्झॉस्टच्या तोंडाशी बादली धरा. पाणी धक्क्याधक्क्यानं, थुंकल्यासारखं येतं, तेच बरोबर आहे. बादली भरायला किती सेकंद लागले ते जनरेटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं, तारखेसह लिहा. पुढच्या वेळी वेळ वाढली की काहीतरी अडकलंय, मग ते गाळणीतलं शेवाळ असो, इम्पेलर असो, हीट एक्स्चेंजर असो किंवा एल्बो. आकडा कंपनीच्या पुस्तकाशी जुळतोय का, यापेक्षा तो मागच्या वेळेपेक्षा बदललाय का, हे बघणं जास्त उपयोगाचं.

पाणी कमी दिसलं तर सोप्यापासून सुरुवात करा. गाळणी उघडून धुवा. मग पंपाचं झाकण खोलून इम्पेलर बाहेर काढा आणि पाती वाकवून बघा. मुळाशी चीर दिसली की इम्पेलर बदला, भले बाकीचा नवा दिसेना का. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका. तो पुढच्या नळीत, नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसलेला असतो. नव्या इम्पेलरबरोबर नवं गॅस्केट हवंच आणि बसवताना पात्यांना ग्लिसरीन लावायचं, ऑइल नाही. झाकणाच्या आतल्या बाजूवर गोल घासलेली खूण खोल गेली असेल, तर झाकण लेथवर फेस (सपाट) करून घ्या किंवा उलटं बसवा. आपल्याकडं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि पंपाची ताकद त्यानं लगेच परत येते.

वर्षातून एकदा इम्पेलर बदलणं हा खर्च नव्हे. पावसाळ्यानंतर चालू करायच्या बोटीत तर जुना इम्पेलर ठेवूच नका. महिनोन्‌महिने एकाच जागी वाकून राहिलेली पाती तशीच आकार धरतात.

एल्बो : इथंच सगळं बिघडतं

उद्यमनगरात येणाऱ्या कामांत सगळ्यात जास्त काम एल्बोचंच असतं. बाहेरून तो ठीक दिसतो. खोट आत असते, कारण आतल्या धुराच्या नळीभोवती पाण्याचं आवरण आहे आणि या दोघांमधला पडदा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. एका बाजूला खारं गरम पाणी, दुसऱ्या बाजूला धुरातलं आम्ल.

जुना कास्ट आयर्न एल्बो हॅक्सॉनं उभा कापला की आत काय चालतं ते दिसतं. धुराच्या तोंडाशी काजळीचा काळा, कोळशासारखा कडक थर असतो. पाणी जिथं मिसळतं तिथं त्या थरावर तांबूस गंजाचे पापुद्रे चढलेले असतात आणि दोन इंची भोकातून करंगळीच जाईल इतकीच वाट उरलेली असते. पाण्याची बारीक भोकं निम्मी बुजलेली, म्हणजे सगळं पाणी एका बाजूनंच पडतं आणि दुसरी बाजू कोरडी तापते. पडद्याला खिळ्यानं टोचलं तर खिळा पलीकडं जातो. असा एल्बो बंद इंजिनात रात्रभर पाणी झिरपवतो आणि सकाळी पिस्टनवर समुद्र असतो.

म्हणून दरवर्षी एल्बो काढायचाच. काढल्यावर हे बघा :

धुराची वाट मूळ मापाची आहे का. थर लाकडी किंवा पितळी पट्टीनं खरवडा. मऊ काजळी निघते, कडक थर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवला की सुटतो. तेजाब वापरू नका. कास्ट आयर्न तो खातो आणि स्टेनलेसला सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतो, पुढं तिथूनच गळती सुरू होते.

हलक्या हातोडीनं सगळीकडं टिचकी मारा. निरोगी धातू खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो.

मग पाण्याची चाचणी घ्या. सगळी तोंडं प्लेट आणि रबर लावून बंद करा, पाण्याच्या बाजूला हातपंपानं साधारण २ बार दाब द्या आणि अर्धा तास थांबा. धुराच्या नळीत एकही थेंब दिसता कामा नये. ही चाचणी हवेनं करू नका. हवेत ऊर्जा साठते आणि गंजलेला तुकडा फुटला तर डोळ्यांवर येतो.

नवा एल्बो बनवून घ्यायचा असेल तर स्टेनलेस ३१६-एल मागा. ३०४ दिसायला तसंच असतं, स्वस्तही पडतं, पण खाऱ्या पाण्यात त्याला लवकर खड्डे पडतात. एल म्हणजे कार्बन कमी, त्यामुळे वेल्डच्या आजूबाजूची जागा गंजाला कमी बळी पडते. वेल्डिंग ३१६-एलच्याच फिलर रॉडनं करून घ्या आणि वेल्ड करताना आतूनही आर्गन सोडलेला असावा. तो नसला की आतली बाजू काळी, खडबडीत होते आणि गंज तिथंच घर करतो. आमच्या गल्लीत हे करणारे हात आहेत, पण सांगितल्याशिवाय कुणी आतून आर्गन सोडत नाही, कारण गॅस महाग आहे. म्हणून स्पष्ट सांगा आणि शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या.

फ्लेंज, म्हणजे बोल्टनं जोडायची चकती, लेथवर फेस करा, गॅस्केट नवं टाका, बोल्ट एकाआड एक समोरासमोर आवळा.

होज, वॉटरलॉक आणि उतार

होज पाइप बाजारात मिळेल तो चालत नाही. ट्रकच्या रेडिएटरचा होज सारखा दिसतो, पण धूर, तेल आणि खारं पाणी यांना तो टिकत नाही. एसएई जे-२००६ असं छापलेला, आत तार असलेला मरीन एक्झॉस्ट होजच घ्या. जुन्या होजला दोन्ही हातांनी दाबा. कडक, कुरकुरीत लागला किंवा आतला थर सुटून लोंबत असला तर बदला. तो लोंबणारा पदर धुराची वाट अडवतो आणि बाहेरून दिसत नाही. प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, दोन्ही स्टेनलेसचे, स्क्रूसकट. स्क्रू साधा लोखंडी असला तर सहा महिन्यांत गंजून तुटतो.

उतार हा मात्र जीव आहे. एल्बोपासून वॉटरलॉकपर्यंत होज सतत खाली उतरला पाहिजे, दर मीटरला किमान ४ सेंटिमीटर, आणि मध्ये कुठंही पोट सुटलेलं नको. पाण्याचा डबा एल्बोपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर तरी खाली असावा, म्हणजे उलटं आलेलं पाणी इंजिनात चढणार नाही. वॉटरलॉकच्या तळापासून वरच्या वळणापर्यंतची चढण मात्र फार उंच नको. बऱ्याच छोट्या सेटना १.२ मीटरची मर्यादा असते. इंजिन बंद झाल्यावर त्या उभ्या पाइपातलं सगळं पाणी डब्यात परत पडतं, ते मावायला डबा मोठा हवा. वरचं वळण पाण्याच्या पातळीपेक्षा चांगलं फूटभर तरी वर, आणि बाहेरचं तोंड भरलेल्या बोटीतही पाण्याच्या वर.

"भरलेल्या बोटीतही" हे शब्द दुर्लक्षू नका. रिकाम्या बोटीत वर असलेलं तोंड वीस पर्यटक आणि डिझेल भरल्यावर पाण्याखाली जातं. मोजमाप माणसं चढवून घ्या.

फायबरचा वॉटरलॉक असेल तर त्याच्या आत, धूर पडतो त्या जागी तपकिरी डाग किंवा फुगवटा आहे का ते बोटानं चाचपा. तिथं डाग म्हणजे कधीतरी पाणी थांबलं होतं आणि डबा भाजला. तळाला काढ-पाण्याचा प्लग नसेल तर बसवून घ्या. पुढं लागणार आहे.

सायफन तोडणारा वॉल्व्ह

जनरेटर पाण्याच्या पातळीखाली बसवलेला असेल, तर इंजिन बंद झाल्यावरही समुद्राचं पाणी सायफननं आत येत राहतं, डबा भरतं, मग एल्बो, मग सिलिंडर. हे रोखायला हीट एक्स्चेंजर आणि एल्बो यांच्यामधली नळी पाण्याच्या पातळीपेक्षा किमान ३० सेंटिमीटर वर, शक्यतो बोटीच्या मध्यरेषेवर नेऊन तिथं छोटा सायफन वॉल्व्ह बसवतात. इंजिन थांबलं की तो हवा आत घेतो आणि सायफन तुटतो.

या वॉल्व्हवर मीठ साचतं. बंद अवस्थेत अडकला तर तो निकामी, उघडा अडकला तर जनरेटरवर खारं पाणी टिपकत राहतं आणि अल्टरनेटर जातो. दर दोन-तीन महिन्यांनी खोला, गोड्या पाण्यात धुवा, तोंडानं फुंकून बघा. एका बाजूनं हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूनं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, तरी दुर्लक्षित भागांत याचा नंबर पहिला.

बॅक प्रेशर मोजल्याशिवाय सायलेन्सर बदलू नका

धूर बाहेर जायला किती अडतंय ते, म्हणजेच बॅक प्रेशर, मोजायला महागडं मीटर लागत नाही. एल्बोच्या कोरड्या भागात, पाणी मिसळण्याच्या आधी, छोटं आट्यांचं भोक असतं, नसेल तर पाडून घ्या. त्याला अर्धा मीटर तांब्याची नळी जोडा म्हणजे उष्णता तिथं जिरेल, पुढं पारदर्शक प्लॅस्टिक पाइप. हा पाइप फळीवर इंग्रजी यू आकारात खिळवा, दोन्ही भुजा सव्वा मीटर उंच, आणि निम्म्यापर्यंत पाणी भरा. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं की रेषा लांबूनही दिसते. जनरेटर पूर्ण लोडवर घ्या. एका भुजेतलं पाणी खाली जाईल, दुसऱ्यातलं वर. दोन पातळ्यांमधलं अंतर मोजा. १०२ मिलिमीटर म्हणजे १ किलोपास्कल.

मर्यादा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेली असते. अनेक छोट्या मरीन जनरेटरना ती ७५ मिलिमीटर पारा, म्हणजे साधारण १० किलोपास्कल, म्हणजे आपल्या यू पाइपात जवळपास एक मीटर. मर्यादेच्या जवळ असाल तर कुठलाही जादा सायलेन्सर बसवायचा नाही, आधी अडथळा शोधायचा. आणि पाइप बारीक करणाऱ्यांसाठी एक हिशोब : तेवढ्याच धुराला पाइपाचा व्यास दोन इंचावरून दीड इंच केला तर घर्षणाचा अडथळा सुमारे चौपट होतो. इंजिन गरम होतं, धूर काळा पडतो, डिझेल जास्त जातं. कोल्हापुरात "जाळ आणि धूर संगटच" ही शाबासकी असली तरी बोटीच्या एक्झॉस्टवर ती कामाची नाही.

धुराच्या रंगावरूनही बरंच कळतं. काळा म्हणजे लोड जास्त, हवा कमी किंवा बॅक प्रेशर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि लगेच विरणारा असेल तर वाफ, म्हणजे पाणी कमी पडतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा आणि रेंगाळणारा असेल तर न जळलेलं डिझेल.

आता आवाज

आधी आवाज कुठून येतो ते ठरवा. एकाच जागेवरून, एकाच फोनवरच्या ॲपनं, एकाच लोडवर मोजा : जनरेटरच्या खोलीच्या दारात, केबिनमध्ये आणि एक्झॉस्टच्या तोंडापासून एक मीटरवर. फोनचा आकडा बिनचूक नसतो, पण आधी आणि नंतरची तुलना करायला पुरतो. केबिनमधला आवाज एक्झॉस्टच्या बाजूला नसून इंजिनाच्या बाजूला जास्त असेल, तर सायलेन्सरवर खर्च करून काही होणार नाही. दोन सारखे आवाज एकत्र आले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे त्यांतला एक पूर्ण बंद केलात तरी ३ डेसिबलच कमी होणार.

दुसरं, हा आवाज कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. पंधराशे आरपीएमवर चालणाऱ्या तीन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक्झॉस्टचे ठोके सेकंदाला ३७.५ पडतात, चार सिलिंडरचे ५०, दोनचे २५. हा खोल, छातीत बसणारा घूं-घूं आवाज आहे. फोम, गादी, कार्पेट याला रोखत नाही. हा आवाज मोकळ्या पोकळीत पसरला की मावळतो. म्हणून वॉटरलॉक एक मापानं मोठा घेणं हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. त्यानंतर वरच्या वळणाजवळ दुसरा छोटा मफलर, तोही बॅक प्रेशर मोजूनच.

फोम जिथं चालतो तो आवाज म्हणजे इंजिनाची खडखड, टॅपेटची टकटक. खोलीच्या आतून आग न पकडणारा फोम आणि मागं जड रबरी थर लावा, पण हवेच्या वाटा बुजवू नका.

तिसरं, होज बोटीला टेकलेला आहे का ते बघा. फायबरच्या भिंतीला टेकलेला होज सगळ्या बोटीला ढोलकी बनवतो. रबर लावलेल्या क्लॅम्पनं लटकवा आणि हातानं हलवून बघा, कुठं घासत नाही ना. इंजिनाखालचे रबरी माउंट चपटे, तेलकट झाले असतील तर तेही बदला. एवढ्यानंच केबिनमधली तक्रार मिटलेली मी अनेकदा बघितली आहे, आणि खर्च सायलेन्सरच्या पावपट.

उरतो तो पाणी उडण्याचा आवाज. रात्री नांगरून पडलेल्या बोटीत शेजाऱ्याला तोच जास्त झोंबतो : छपाक, थोडं थांबून परत छपाक. यावर उपाय म्हणजे पाणी आणि धूर वेगळे करणारा सेपरेटर. तो पाण्याच्या पातळीच्या वर बसवायचा. त्यात पाणी खाली उतरतं आणि स्वतंत्र, जाड होजमधून, सतत उतारानं, पाण्याखालच्या सी-कॉकमधून गुपचूप बाहेर जातं. धूर वरच्या तोंडातून कोरडाच निघतो. नीट बसवलेला सेपरेटर असलेल्या बोटीजवळून गेलात तर जनरेटर चालू आहे की नाही तेही कळत नाही.

एक गोष्ट मात्र इथं गमावता. पाणी येतंय की नाही हे बाहेरून बघून कळायचं, ती खूण गेली. म्हणून सेपरेटर बसवला की एल्बोनंतरच्या होजवर तापमानाचा पट्टीचा सेन्सर बसवाच, आणि तो नुसत्या अलार्मला न जोडता थेट जनरेटर बंद करणाऱ्या सर्किटला जोडा. सेन्सरशिवाय सेपरेटर बसवायला मी नकार देतो. जमिनीवरच्या सेटला कॅनॉपीपासून (सेटवरच्या आवाज रोखणाऱ्या पेटीपासून) एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, बोटीवर त्याहून शांत काम होऊ शकतं, पण या सेन्सरच्या बदल्यात नाही.

स्टार्ट होत नसेल तर थांबा

ओल्या एक्झॉस्टचं सगळ्यात महाग नुकसान साध्या हट्टानं होतं. इंजिन सुरू होत नाही, माणूस स्टार्टर मारत राहतो. पंप प्रत्येक फेऱ्याला पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. डबा भरतो, एल्बो भरतो, पाणी एक्झॉस्ट वॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर सी-कॉक बंद करा, वॉटरलॉकचा प्लग खोलून पाणी काढा, मग दोष शोधा. इंजिन पकडलं की लगेच सी-कॉक उघडा. यासाठी कॉकजवळ दुसरा माणूस उभा ठेवा.

पाणी आत गेल्याची शंका असेल, म्हणजे स्टार्टर टक्कन अडकला, तर परत चावी फिरवू नका. इंजेक्टर काढा आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवा. पाणी भोकांतून उडेल. ऑइल दुधाळ झालं असेल तर ते आणि फिल्टर बदला, सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडा, जोडून चालू करा, गरम होईपर्यंत चालवा, परत ऑइल बदला. दुधाळपणा जाईपर्यंत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागांत पाण्याखाली गेलेली इंजिनं अशाच पद्धतीनं परत उभी केली गेली. फरक एवढाच की पंचगंगेचं पाणी गोडं होतं. खारं पाणी वाट बघत नाही, रिंगा गंजून धरतात. त्याच दिवशी हात घाला.

कमी लोडचा आजार

रात्री दोन पंखे, चार बल्ब आणि मोबाइल चार्जर यांसाठी १० केव्हीएचा सेट रात्रभर चालवला जातो. क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली सतत चाललेलं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही आणि काजळी, तेलकट काळं पाणी एल्बोत साचतं. एल्बो एवढ्या लवकर कसा बुजला म्हणून विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्तर इथं असतं. आठवड्यातून एकदा तरी गिझर, एसी, शेगडी सगळं लावून अर्धा-पाऊण तास ७०-८० टक्के लोडवर चालवा. नवा सेट घेताना लागतो त्यापेक्षा मोठा घ्यायचा मोह टाळा.

कोरडा एक्झॉस्ट असेल तर

बऱ्याच ट्रॉलरवर धूर कोरड्या पाइपातून वर जातो. तिथं पाण्याचे प्रश्न नाहीत, उष्णतेचे आहेत. साधा लोखंडी पाइप तीन मीटर लांब असेल आणि ४०० अंशांनी तापला तर तो जवळपास १४ मिलिमीटर वाढतो, स्टेनलेसचा तर २० मिलिमीटर. ही वाढ घ्यायला इंजिनालगत स्टेनलेसचा बेलो (घड्या असलेली लवचिक नळी) हवा, आणि पाइपाचं वजन बेलोवर किंवा मॅनिफोल्डवर न येता छताला लटकलेलं हवं. बेलो पिळून बसवलेला असेल तर महिन्याभरात फाटतो. पाइपावर सिरॅमिक वूल आणि वरून पत्रा. जुनी ॲस्बेस्टॉसची दोरी निघाली तर ती कोरडी ओरबाडू नका. पाणी मारून, मास्क लावून, पिशवीत बंद करून काढा. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक आणि वरच्या तोंडाला पावसाची टोपी.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

१ जूनपासून मासेमारी बंद होते, पर्यटनाच्या बोटीही किनाऱ्यावर येतात. एल्बो आणि वॉटरलॉक त्याच आठवड्यात काढून पाठवा. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर आलेलं काम इथं कुणीच धड करत नाही, आम्हीसुद्धा नाही.

सगळं जोडून झाल्यावर सी-कॉक उघडा, इंजिन चालू करा आणि अर्ध्या मिनिटात तोंडाशी पाणी आलं का बघा. आलं नाही तर बंद. आलं तर अर्धा तास लोडवर चालवा. एल्बोच्या पुढच्या होजवर तळहात ठेवता आला पाहिजे. हात काढावा लागत असेल तर पाणी कमी आहे. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा, ओला झाला की गळती, काळा झाला की धूर. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, सगळे क्लॅम्प आणि फ्लेंजचे बोल्ट परत एकदा आवळा, कारण पहिल्या तापण्यात गॅस्केट बसतं आणि सगळं सैल होतं. बादलीची नवी वेळ झाकणाच्या आत लिहा. बोटीच्या पेटीत एक इम्पेलर, पंपाचं गॅस्केट, एल्बोचं गॅस्केट, चार क्लॅम्प आणि पुलीला लागणारा पाना टाका. पाना विसरला जातो, म्हणून तो दोरीनं पेटीला बांधून ठेवा.